पीएचडी वेळेत संपवा, पण जोडीदाराच्या जिवावर नको

सोशल सायन्समध्ये पीएचडीला ॲडमिशन मिळालं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "आता चार-पाच वर्षं प्रेमबिम, लग्नबिग्न बाजूला ठेव, आधी डिग्री घे." आणि दुसरा नेमका उलटा, "लग्न उरकून घे, पीएचडी काय, चालूच राहते." पहिला बहुतेक डिपार्टमेंटमधून येतो, दुसरा घरून, आणि मला दोन्ही मनापासून चुकीचे वाटतात. दोन्हींमध्ये असं धरून चाललेलं असतं की एकाला वेळ दिला की दुसऱ्याचं नुकसान ठरलेलं. माझं म्हणणं असं आहे की समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, स्त्री अभ्यास असल्या विषयांतली पीएचडी चार-साडेचार वर्षांत नीट होऊ शकते, तशीच व्हायला हवी, आणि त्यासाठी नातं मोडावं लागत नाही. पण आज जे लवकर संपवतात त्यातले बरेच जण घरातल्या दुसऱ्या माणसाचा वेळ, पगार आणि धीर खर्चून संपवतात, आणि जे रखडतात तेही त्याच माणसाच्या जिवावर रखडतात. या माणसाचा हिशोब विद्यापीठ ठेवत नाही, सरकार ठेवत नाही, थिसिसमध्ये तो ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत येतो, बस.

आधी नियम बघू म्हणजे हवेत बोलायला नको. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम सांगतात की कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यापुढे री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन म्हणजे आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना अजून दोन वर्षं, म्हणजे दहा. आता कागदावर तीन हा आकडा आहे खरा, पण आपल्याकडे कुणी तीन-साडेतीन वर्षांत थिसिस सबमिट केला तर लोक कौतुकाच्या आधी संशय घेतात, "एवढ्यात? मग काय केलं असेल त्यात?" आणि सहा वर्षांची जी कमाल मर्यादा आहे ती हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात नेहमीची मुदत होऊन बसते. सिनियर लोक आम्हाला कशी नऊ वर्षं लागली ते अभिमानाने सांगतात. संथ म्हणजे सखोल असं एक समीकरण आपल्या विषयांमध्ये मुरलेलं आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. आठ वर्षं चाललेले थिसिस मी वाचलेत, त्यातला लिटरेचर रिव्ह्यू पुन्हा पुन्हा अपडेट झालेला दिसतो कारण मधल्या काळात नवी पुस्तकं आली आणि जुना चॅप्टर शिळा झाला, पण मुद्दा मात्र तिसऱ्या वर्षी जिथे होता तिथेच असतो.

आपल्या विषयांत अजून एक अडचण आहे जी सायन्सच्या मुलांना एवढी नसते. त्यांना लॅब असते, लॅबमध्ये जायचं, यायचं, चार लोक बरोबर असतात. आपलं काम म्हणजे वाचन, नोट्स, लिहिणं, आणि ते बऱ्याचदा वन बीएचकेमधल्या एकुलत्या एका टेबलावर, त्यामुळे जोडीदाराला आपण कायम घरी दिसतो आणि आपण मात्र कायम कामात असतो. "तू घरीच आहेस ना, गॅसवाला येणारे, बघ जरा" आणि "तू घरी असून नसल्यासारखी असतेस" ही दोन वाक्यं एकाच आठवड्यात एकाच माणसाकडून ऐकायला मिळतात, आणि दोन्ही खरी असतात. काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कुणालाच कळत नाही, आपल्यालाही नाही. नात्याला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. कामाचे तास जास्त असणं माणसं समजून घेतात, डॉक्टरांच्या, पोलिसांच्या घरी घेतातच की. पण तास कुठले तेच ठरलेलं नसेल तर दुसऱ्याने कशाच्या भरवशावर थांबायचं?

आणि प्रेमामुळे पीएचडी रखडली असं म्हणणाऱ्यांनी वेळ नक्की कुठे जातो ते एकदा मांडून बघावं. पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा द्यायची, निकालाची वाट बघायची, मग इंटरव्ह्यू. २०२४ पासून नेटच्या मार्कांवर ॲडमिशन करायचं ठरलं आणि त्याच वर्षीची १८ जूनची नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, परत परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिथे उन्हाळाभर अभ्यास केलेल्यांचे अजून काही महिने गेले. मग गाइड मिळणं. नियमाने प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात, रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन घेता येत नाहीत, आणि आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तर जागा असलेला आणि आपल्या विषयातला गाइड मिळेपर्यंत लोक आपला विषयच बदलून टाकतात. मग आरआरसी, म्हणजे टॉपिकला मंजुरी देणारी समिती, तिची मीटिंग कधी लागेल याची वाट. मग दर सहामाहीचं प्रेझेंटेशन, प्रोग्रेस रिपोर्टवर सही, गाइड परगावी असेल तर सहीसाठी थांबणं. यात जोडीदाराबरोबर सिनेमाला गेल्यामुळे वाया गेलेले तास कुठे आहेत? मला तरी दिसत नाहीत.

आता पैशाचं बोलू, कारण नात्यातली निम्मी भांडणं तिथे असतात आणि सेमिनारमध्ये त्यावर कुणी बोलत नाही. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी फेलोशिप असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफचे ४२,०००, वर घरभाडं. हे बरे पैसे आहेत, नाही म्हणत नाही. पण ते जास्तीत जास्त पाच वर्षं आणि पीएचडीची मुदत सहा, म्हणजे शेवटचं वर्ष, जेव्हा थिसिस लिहून संपवायचा असतो, तेव्हाच हात रिकामे. केंद्रीय विद्यापीठात जेआरएफ नसलेल्यांना महिन्याला ८,०००. तेही बंद करायचं २०१५ मध्ये ठरत होतं तेव्हा मुलं दिल्लीत यूजीसीच्या दारात जाऊन बसली. राज्य विद्यापीठांत तर बहुतेकांना काहीच नसतं, मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर सगळी भिस्त, आणि त्या फेलोशिपसाठी संशोधक मुलामुलींना आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलंय. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात तर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारलं होतं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी एवढं शिकतंय त्यांना ते वाक्य किती लागलं असेल.

फेलोशिप आली तरी दर महिन्याला येईल असं नाही, सहा-आठ महिने अडकते आणि मग एकदम येते. तोपर्यंत घर कोण चालवतं? बायको नर्स असते, नवरा एमआयडीसीत असतो, गर्लफ्रेंड आयटीत असते आणि खोलीचं भाडं ती भरते. काही जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, कॉलेजात शिकवतात, त्याचेही पैसे महिन्याच्या महिन्याला मिळत नाहीत. म्हणजे महाराष्ट्रातल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला खरी फेलोशिप कोण देतं तर संशोधकांचे जोडीदार देतात, आणि आईवडील. त्या फेलोशिपला जाहिरात नाही, मुदत नाही. तिचं यूटिलायझेशन सर्टिफिकेटही कुणी मागत नाही, पण देणारा माणूस मनात हिशोब ठेवतोच, ठेवणारच, आणि तो हिशोब कधीतरी रात्री जेवताना बाहेर पडतो की "तुझं कधी होणार?" हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याला तो टोमणा वाटतो. मला वाटतं तो साधा सरळ प्रश्न आहे आणि त्याला साधं सरळ उत्तर द्यायला हवं, तारखेसकट.

इथे दोन माणसांची आठवण होते, दोघंही आपल्याच मातीतली. एक इरावती कर्वे. १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या, बर्लिनमध्ये मानवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि दोन वर्षांनी परत आल्या. लग्न झालेलं होतं, सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा विरोध होता, आणि तरी पाठवणारा नवरा होता. दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्रात डॉक्टर झालेले, त्यामुळे पीएचडी म्हणजे काय, तिथलं एकटेपण म्हणजे काय, परदेशात काय खर्च येतो हे त्यांना माहीत होतं. पैशासाठी जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं. तेव्हा घरात मूल नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं की दोन वर्षांत होण्यासारखा नेमका विषय होता (मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला असमानपणा), पूर्ण वेळ होता, पैशाची सोय जाण्याआधी लागली होती आणि घरच्या माणसाला काय चाललंय ते कळत होतं. या चारातलं एकजरी नसतं तर काय झालं असतं?

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं, आणि ते जास्त अवघड आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला कोलंबियात गेले, १९१६ ला लंडनला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत झाली, १९२० ला परत लंडन, १९२३ ला डीएस्सी. एवढ्या वेगाने, एवढं काम, आणि त्या सगळ्या वर्षांत इकडे रमाई घर ओढत होत्या, उपासमार सोसत होत्या, लेकरं गमावली. आपण रमाईंच्या त्यागापुढे हात जोडतो आणि जोडायलाच हवेत. स्वतः बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण करून त्या सोसण्याची नोंद केली. पण शंभर वर्षांनंतरही एखादा गाइड किंवा एखादी सासू नव्या मुलीला "रमाईंनी नाही का सोसलं" असं ऐकवत असेल तर मला राग येतो. शिष्यवृत्ती पुरेशी आणि वेळेवर असती तर त्या घरातल्या माणसांना एवढं सोसावं लागलं नसतं. सोसण्याचा आदर करायचा आणि सोसायला लावणारी व्यवस्था तशीच चालू ठेवायची, हे चालणार नाही.

आपल्याकडच्या पीएचडीचा अजून एक भाग आहे ज्यावर कुणी मोकळेपणाने लिहीत नाही. कितीतरी मुली पीएचडीला नाव घालतात कारण त्यामुळे लग्नाचा विषय काही वर्षं पुढे जातो. "अजून शिकतेय ती" हे उत्तर नातेवाइकांना चालतं. आणि बऱ्याच जणांचं कुणाशी तरी जमलेलं असतं, जात वेगळी असते, धर्म वेगळा असतो, मुलाला नोकरी नसते, म्हणून "थिसिस झाला की घरी सांगू" असं दोघांमध्ये ठरलेलं असतं. म्हणजे थिसिस ही ढाल होते. मी अशा मैत्रिणी जवळून पाहिल्यात, त्यांचा शेवटचा चॅप्टर काही केल्या पूर्ण होत नाही आणि सगळे म्हणतात आळशी आहे, परफेक्शनिस्ट आहे, पण खरं म्हणजे तो पूर्ण झाला की घरी बोलावं लागणार असतं आणि त्याची भीती असते. अशा वेळी लवकर संपवण्याच्या टिप्स काही कामाच्या नाहीत. तिथे दोघांनी मिळून, सबमिशनची वाट न बघता, आधी घरचा विषय काढणं हेच पीएचडीसाठीसुद्धा चांगलं असतं. सोपं नाहीये, धोका असतो, काही घरांत तर जिवाचा धोका असतो, त्यामुळे ज्याची त्याची परिस्थिती बघूनच. पण नातं थिसिसच्या मागे लपवलं की दोन्ही अडकतात एवढं मी खात्रीने सांगते.

बरं, मग लवकर संपवायचं कसं? माझा अनुभव आणि आजूबाजूला जे पाहिलं त्यावरून सांगते, वेग रात्री जागून येत नाही, तो विषय निवडतानाच येतो किंवा जातो. "महाराष्ट्रातील स्थलांतरित कामगारांची सामाजिक-आर्थिक स्थिती : एक अभ्यास" असा विषय घेतला की तुम्ही संपलात, कारण तो कुठे थांबतो हे कुणालाच माहीत नाही. एका तालुक्यातली, एका हंगामातली, एका प्रश्नाची गोष्ट घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर काम करायचं असेल तर माणसं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येतात, म्हणजे गावात मुलाखती कधी आणि फडावर कधी हे हंगामच ठरवतो, आणि एक हंगाम चुकला की वर्ष गेलं. हे कॅलेंडर ॲडमिशनच्या आधी मांडता येतं. तसंच ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांच्यावर अख्खा थिसिस टांगू नका. २०२१ ची जनगणना होईल आणि तिचे आकडे येतील म्हणून थांबलेले लोक होते, ती जनगणना त्या साली झालीच नाही. महापालिकांच्या निवडणुकांवर काम करायचं ठरवलेले होते, २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या मुदती संपल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासक बसले. हुशार मुलं होती ती, मेहनतीही होती, पण विषय दुसऱ्याच्या तारखेवर अवलंबून होता.

मराठी मुलाखती घेऊन इंग्रजीत थिसिस लिहिणाऱ्यांनी तर पहिल्या वर्षीच हिशोब करावा. एका तासाची मुलाखत उतरवून काढायला चार-सहा तास सहज जातात, मग त्यातलं निवडायचं, मग भाषांतर, आणि "मन खात होतं हो" असल्या वाक्याचं इंग्रजी करायला एक संध्याकाळ जाते. चाळीस मुलाखती ठरवल्या असतील तर हे काम किती महिन्यांचं आहे ते मोजा आणि मग पंचवीस चालतील का ते गाइडला विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे काम बायकोला किंवा गर्लफ्रेंडला देऊ नका. मी कितीतरी घरांत पाहिलंय, नवऱ्याच्या मुलाखती बायको टाइप करते, रेफरन्स लावून देते, इंग्रजी तपासते, आणि तिची स्वतःची सेटची, म्हणजे राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेची, तयारी बाजूला पडते. उलट बाजूने हे फार कमी दिसतं. आपण ऊसतोडीवर लिहिताना लिहितो ना, की नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर असते आणि पैसा पुरुषाच्या हातात जातो? मग आपल्या घरातल्या जोडीच्या कामाकडेही त्याच नजरेने बघावं लागेल. करूनच घ्यायचं असेल तर पैसे द्या, नाहीतर तेवढेच तास तिच्या अभ्यासासाठी तुम्ही स्वयंपाक करा, मूल सांभाळा.

लिहिण्याचं म्हणाल तर सगळं वाचून झाल्यावर लिहिणार असं ठरवलं की कधीच होत नाही. फील्डवर असतानाच रोज थोडं लिहावं, वाईट लिहिलं तरी चालतं, गाइडला दर महिन्याला काहीतरी पाठवावं म्हणजे त्यांनाही आठवण राहते. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाते.

नात्याबद्दल मी एकच गोष्ट ठासून सांगेन. जोडीदाराला सगळी माहिती द्या. आपण "तुला नाही कळणार, टेक्निकल आहे" म्हणून टाळतो आणि समोरच्याला फक्त आपला मूड दिसतो, कारण दिसत नाही. माझा नवरा तेव्हा नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत होता आणि मी पुण्यात, तो प्रॉडक्शन प्लॅनिंगमधला माणूस, समाजशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. एकदा फोनवर तो म्हणाला, "अगं, तुझं काम कुठवर आलंय हे मला कुणी विचारलं तर मी काय सांगू ते तरी सांग." मग आम्ही बसून सगळे टप्पे कागदावर काढले, आरआरसी, फील्डवर्क, कुठला चॅप्टर कधी, प्री-सबमिशन कधी, आणि कुठल्या टप्प्याला कोण कुणाकडे जाणार. तो कागद बघून त्यानेच विचारलं की फील्डवर्क आणि चॅप्टर एकाच महिन्यात कसं दाखवलंयस, माणूस एकच आहे ना? गाइडच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट होती ती. त्यानंतर चिडचिड संपली असं नाही, पण भांडण झालं तर कशावरून चाललंय ते तरी माहीत असायचं. आणि रविवार संध्याकाळ दोघांची, लॅपटॉप बंद, डेडलाइन असली तरी बंद. त्यामुळे माझं काम मागे पडलं नाही, उलट शनिवारी हातातलं संपवायची सवय लागली.

दोघंही पीएचडी करणारे असतील तर वेगळीच गंमत आणि वेगळेच ताण. एकाचा पेपर ॲक्सेप्ट होतो, दुसऱ्याचा रिजेक्ट, आणि जेवण एकाच ताटलीत. एकमेकांचं वाचून देणं छान वाटतं पण त्यातून नवरा-बायकोऐवजी एकमेकांचे एक्झामिनर होण्याची भीती असते. शक्यतो एकाने एक वर्ष आधी संपवावं आणि घरात एक नियमित पगार यावा असं माझं मत, पण ते एक वर्ष कुणाला मिळणार हे आपोआप नवऱ्याच्या बाजूने ठरू नये. परदेशात गेलेल्या मराठी जोडप्यांची अजून एक अडचण, अमेरिकेत एफ-२ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, म्हणजे इथे चांगली नोकरी असलेली मुलगी तिथे वर्षानुवर्षं घरात. ब्रिटनने २०२४ पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार नेणं बंद केलं, पीएचडीवाल्यांना मात्र सूट आहे. ॲडमिशन घेताना युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघतात तसं हेही बघायला हवं.

आता माझ्यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की घाई केली तर सामाजिक शास्त्रं उथळ होतील. माणसांचा विश्वास मिळवायला वेळ लागतो, वस्तीत जाऊन पहिल्या दिवशी कुणी खरं बोलत नाही, पेशवे दफ्तरात मोडी कागद चाळायला महिने जातात. पूर्ण मान्य. वर्षभर गावात राहा, दीड वर्ष राहा, तो वेळ कमी करा असं मी म्हणतच नाही. चार वर्षांत एक वर्ष कोर्सवर्क आणि तयारी, वर्ष-सव्वा वर्ष फील्ड, दीड वर्ष लिहिणं हे बसतं. बसत नाही ते दोन टप्प्यांच्या मधलं थांबणं. आणि चाळिशीला आलेल्या, कर्जात असलेल्या, घरी तोंड चुकवणाऱ्या संशोधकाचा थिसिस जास्त सखोल होतो असं मानायला मला काही कारण दिसत नाही. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकरदारच असतो, साधारण चार वर्षांचा करार, पगार, बाळंतपणाची रजा घेतली तर करार तेवढा वाढतो. तिथली सामाजिक शास्त्रं काही उथळ नाहीत.

आपल्या नियमांना जोडीदार नावाचं माणूस असतं हे माहीत आहे, पण एकाच बाजूने. स्त्री संशोधक लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने स्थलांतरित झाली तर तिला संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो, अशी तरतूद त्यात आहे. चांगली आहे, अनेकींना उपयोगी पडली असेल. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी स्त्रियांना एकदा २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. पण पुरुष बायकोच्या बदलीमागे गेला तर? बापाला बाळासाठी थांबायचं असेल तर? पीएचडीच्या नियमांनी असा पुरुष कल्पिलेलाच नाही, आणि मग घरात "तुला तर दोन वर्षं जास्त आहेत ना, माझं आधी होऊ दे" हे वाक्य नियमाच्या आधाराने बोललं जातं. सवलत स्त्रीला दिली आणि तिचा फायदा तिच्या नवऱ्याने घेतला, असं होताना मी पाहिलंय. या दोन्ही तरतुदी दोघांना लागू करा. फेलोशिप, कुठलीही असो, महिन्याच्या सात तारखेला खात्यात जमा झाली पाहिजे, आणि ती पीएचडीच्या कमाल मुदतीएवढी हवी. आरआरसीच्या मीटिंगच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हाव्यात. विवाहित संशोधकांसाठी हॉस्टेलच्या खोल्या हव्यात, पुण्या-मुंबईच्या भाड्यांत फेलोशिप टिकत नाही.

आणि एक गोष्ट तर उद्यापासून करता येण्यासारखी आहे, तिला पैसाही लागत नाही. थिसिस सबमिट केल्यावर मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असं २०२२ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात परीक्षकांचे रिपोर्ट येईपर्यंत, व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागेपर्यंत किती काळ जातो हे ज्याचं त्याला माहीत, त्या काळात फेलोशिप संपलेली असते, असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिराती येऊन जातात, डिग्री हातात नाही म्हणून अर्ज बाद होतात, आणि एक जोडपं दोन शहरांत दोन घरांची भाडी भरत असतं. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या वेबसाइटवर प्रत्येक थिसिससमोर तीन तारखा टाकाव्यात, रजिस्ट्रेशन कधी, सबमिशन कधी, व्हायवा कधी. विषयवार, डिपार्टमेंटवार. शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन संग्रहात, थिसिस अपलोड करायचाच असतो, तिथेच या तीन तारखा सक्तीच्या करा. मग ॲडमिशन घेणाऱ्या मुलीला आणि तिच्याबरोबर आयुष्य ठरवणाऱ्या माणसाला आधीच बघता येईल की इथे किती वर्षं लागतात, आणि विलंब कुणाच्या टेबलावर झाला हे विचारताही येईल.